वर्गाचा चर्चामंच: गुण 4.6, लिहिणारे चौघं

रसायनी | 3 फेब्रुवारी, 21:48

नमस्कार मंडळी. सोलापुरात एका कनिष्ठ महाविद्यालयात अकरावी-बारावीला केमिस्ट्री शिकवते. कॉलेजचं नाव विचारू नका, सांगणार नाही.

जूनपासून आमच्याकडे ऑनलाइन चर्चामंच आहे. वर्ग सुटल्यावर मुलांनी तिथं शंका लिहाव्यात, एकमेकांना समजावून सांगावं, मी रात्री एकदा डोकवावं, असा बेत होता. शिकवणं इंग्रजीत असलं तरी मंचाची सगळी बटणं मराठीत, हा वरून आग्रह. मलाही तेव्हा तो आवडला होता.

आता 'हा मंच वापरायला कितपत सोपा आहे' याचा अहवाल लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलंय. मी दहा विधानांची एक तयार प्रश्नावली नेटवरून घेतली, मराठी केली, दोन्ही तुकड्यांतल्या 118 मुलांना वाटली. प्रत्येक विधानापुढे 1 ते 5, 5 म्हणजे पूर्ण सहमत. 96 फॉर्म परत आले. सगळ्याची सरासरी काढली, 4.6 आली. म्हणजे मंच झकास.

आणि लिहिलं किती जणांनी? जुलैत मी सक्तीनं प्रत्येकाकडून एकेक शंका लिहून घेतली, तेवढी पडली. ऑगस्टपासून आजपर्यंत स्वतःहून लिहिणारे चौघं. त्यातला एक रोज 'गुड मॉर्निंग मॅम' घालतो.

इतकं सोपं आहे तर वापरत का नाहीत? की माझं मोजणंच चुकलंय? कुणी असं काम केलं असेल तर सांगा. अहवाल महिनाअखेर द्यायचाय.

मुकाटवाचक | 3 फेब्रुवारी, 21:55

वाचतोय.

मुकाटवाचक | 3 फेब्रुवारी, 21:55

वाचतोय.

मुकाटवाचक | 3 फेब्रुवारी, 21:57

दोनदा पडला. माफी असावी. काढायचा कसा?

शेंगाचटणी | 3 फेब्रुवारी, 22:01

काढता येत नाही. आत जाऊन मजकूर पुसा आणि 'प्रकाटाआ', म्हणजे 'प्रतिसाद काढून टाकला आहे', लिहा. वर्गाच्या मंचाचं नंतर बघू, आधी आपल्या मंचाचंच मूल्यमापन झालं की हो इथं :)

पार्कचौक | 3 फेब्रुवारी, 22:10

ताई, सरळ व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप करा. विषय संपला. मुलं तिथं आहेतच. जिथं गिऱ्हाईक तिथं दुकान मांडायचं, गिऱ्हाइकाला बोळात बोलवायचं नाही.

रसायनी | 3 फेब्रुवारी, 22:24

@पार्कचौक, ग्रुप आहे की. आधीपासून आहे. तिथं सोमवारी विचारलेली शंका मंगळवारी दुपारी चारशे मेसेजच्या खाली गाडलेली असते. शिवाय मुलींचे नंबर सगळ्या वर्गाला दिसतात, त्यावरून एकदा प्रकरण झालंय. मंच आणला तो त्यासाठीच.

कडकभाकरी | 3 फेब्रुवारी, 23:15

मूळचा जुळे सोलापूरचा, आता पुण्यात, धंदा हाच. लोकांनी अ‍ॅप कसं वापरलं ते बघण्याचा पगार मिळतो मला.

रसायनी मॅडम, तुम्ही वर्णन केलेली प्रश्नावली बहुतेक 'सिस्टिम युजेबिलिटी स्केल' आहे. जॉन ब्रूक यांनी 1986 मध्ये केली, अजून जगभर चालते. पहिलं विधान 'मला हे वारंवार वापरावंसं वाटेल' आणि दुसरं 'हे विनाकारण गुंतागुंतीचं वाटलं' अशा अर्थाचं आहे का? असेल तर घोळ लक्षात येतोय का बघा.

विषम क्रमांकाची विधानं कौतुकाची आहेत आणि सम क्रमांकाची तक्रारीची. मुद्दाम तशी ठेवलीत. त्यामुळे नुसती सरासरी काढायचीच नसते. विषम विधानाच्या गुणातून 1 वजा करायचा, सम विधानाचा गुण 5 मधून वजा करायचा, दहाही आकड्यांची बेरीज करून तिला 2.5 ने गुणायचं. मग 0 ते 100 मधला आकडा येतो. ती टक्केवारी नव्हे हां. साधारण 68 ही सरासरी धरतात, त्याखाली असेल तर काहीतरी खुपतंय.

आता गंमत. एखाद्या पोरानं दहाही ठिकाणी 5 केले, तर त्याचा निकाल येतो 50. दहाही ठिकाणी 1 केला तरी 50. सगळीकडे 3, तरी 50. एकच रकाना वरून खाली टिकमार्क करत गेलेला माणूस कुठल्याही रकान्यात गेला तरी पन्नासावरच उतरतो. तुमची सरासरी 4.6 आली म्हणजे 'हे गुंतागुंतीचं आहे' यालाही पोरांनी 5 दिलेत. मॅडमनी वाटलेला फॉर्म, वर नाव आणि रोल नंबर, मॅडम समोर उभ्या. काय करतील बिचारी?

रसायनी | 4 फेब्रुवारी, 06:40

नावं घेतली होती फॉर्मवर. होय. :(

आता सकाळी चहा घेत घेत गठ्ठा काढून बसले. 96 पैकी 41 फॉर्ममध्ये वरपासून खालपर्यंत एकच रेघ. एका पठ्ठ्यानं तर खूण करायचेही कष्ट घेतले नाहीत, पाचच्या रकान्यातून पट्टीनं सरळ उभी रेघ ओढलीय. ते फॉर्म बाजूला ठेवून उरलेल्या 55 चं तुम्ही सांगितल्याप्रमाणे गणित केलं. 47 आले.

पार्कचौक | 4 फेब्रुवारी, 09:02

म्हणजे 4.6 चे 47 झाले. वाढले की! पेढे द्या.

आप्पा_बाळीवेस | 4 फेब्रुवारी, 10:30

छत्तीस वर्षे शिकवून निवृत्त झालो. स्पष्ट लिहितो, राग मानू नये. दोष यंत्राचा नाही. वर्गात 'काही शंका?' विचारल्यावर किती हात वर येतात? तेच पहिल्या बाकावरचे दोन. मग मोबाईलमध्ये हात वर येतील ही अपेक्षा का? मुलांना शंका पडण्यासाठी आधी वाचावे लागते. आमच्या काळी शंका विचारायला मुले सायकलवर घरी यायची.

शेंगाचटणी | 4 फेब्रुवारी, 11:12

आप्पा, काय बोललालाव तुम्ही! घरी यायची ती पण पहिल्या बाकावरचीच दोघं असतील की. बाकीच्या साठांचं काय?

मी शेवटच्या बाकावरचा. मला शंका भरपूर होत्या, पण उभं राहून विचारलं की आधी 'लक्ष कुठं होतं?' हे यायचं आणि मग उत्तर. पहिलीपासून 'हाताची घडी, तोंडावर बोट' शिकवायचं आणि अकरावीत 'चर्चा करा' म्हणायचं. ते बोट निघायला वेळ लागतो, आप्पा. मंचाचा फायदा तोच असायला हवा होता, की तिथं उभं राहावं लागत नाही.

आप्पा_बाळीवेस | 4 फेब्रुवारी, 11:40

हा मुद्दा मान्य. 'लक्ष कुठं होतं' हे मीही पुष्कळ वेळा म्हटले आहे.

शेंगाचटणी | 4 फेब्रुवारी, 11:44

आप्पा, तुम्ही माझे सर तर नव्हता ना?

मुळेगावकर | 4 फेब्रुवारी, 12:05

अवांतर: कडकभाकरी आणि शेंगाचटणी एकाच धाग्यावर आले. आता फक्त दही लावा कुणीतरी आणि थोडं तेल सोडा.

कडकभाकरी | 4 फेब्रुवारी, 12:09

पुण्यात शेंगा चटणीच्या नावाखाली दाण्याचं कोरडं कूट विकतात हो. उखळात कुटून तेल सुटलेली ती ओलसर चटणी म्हटलं की चेहरा पाहतात. धागा भरकटवत नाही, फक्त दुःख सांगितलं.

गड्डाकर | 4 फेब्रुवारी, 14:20

मूळ विषयावर येतो. फॉर्म विसरा. पाच मुलं घ्या, एकेक बोलवा, त्यांच्याच फोनवर मंच उघडायला लावा, एक काम द्या आणि गप्प बसून बघा. तोंडानं बोलत बोलत काम करायला सांगा: 'आता मी हे दाबतेय, आता हे काय आलं' असं. अट एकच, तुम्ही मदत करायची नाही. शिक्षकाला ही अट फार जड जाते. पेन हातात ठेवा, नाहीतर बोट आपोआप त्यांच्या स्क्रीनकडे जातं.

'मंच कसा वाटला' असं विचारूच नका. विचारलं की चांगलाच वाटतो. पाहुण्याला 'भाजी कशी झाली' विचारल्यासारखं आहे ते. मीठ कमी असलं तरी 'छान' म्हणणार. पानात किती उरलं ते बघायचं.

मुळेगावकर | 4 फेब्रुवारी, 14:41

पाचच? 118 मुलांत पाच? अहवालात कोण मानेल?

कडकभाकरी | 4 फेब्रुवारी, 15:30

पाचाला आधार आहे. याकोब नीलसन आणि टॉम लँडावर यांनी 1993 मध्ये हिशेब मांडला होता. एक माणूस सरासरी 31 टक्के अडचणी दाखवून देतो. दुसरा त्यातल्याच काही पुन्हा दाखवतो, काही नव्या. पाचापर्यंत सुमारे 85 टक्के हाती लागतात. सहाव्यापासून तेच तेच ऐकू येतं.

पण हे गुण द्यायला नाही, अडचणी शोधायला आहे. 'पाचपैकी तिघांना जमलं, म्हणजे 60 टक्के' असं अहवालात लिहू नका. आणि गड्डाकर, तुमच्या पाचात एक गोम आहे. पाच जण एका प्रकारचे असतील तरच ते गणित. स्वतःचा फोन असलेली पोरं आणि घरातला एकच फोन वाटून घेणारी पोरं, हे दोन वेगळे प्रकार झाले.

गड्डाकर | 4 फेब्रुवारी, 15:52

गोम कबूल. पण मॅडमना महिनाअखेर अहवाल द्यायचाय, प्रबंध नाही. तुम्ही पुण्यात बसून दोन गटांचे दहा सांगाल, मॅडम शून्यावर थांबतील.

कडकभाकरी | 4 फेब्रुवारी, 15:58

शून्यापेक्षा पाच बरे. फक्त पाच जणांत दोन तरी दुसऱ्या प्रकारचे घ्या, एवढंच. पहिल्या बाकावरचे दोन घेऊ नका.

बारावीची_आई | 4 फेब्रुवारी, 20:17

इथे आई म्हणून लिहिते. माझी मुलगी दुसऱ्या कॉलेजात आहे, पण त्यांच्याकडेही असाच मंच. त्यात दर वेळी आत जायला ओटीपी लागतो. ओटीपी कुठं येतो? प्रवेशाच्या वेळी फॉर्मवर दिलेल्या नंबरवर. तो नंबर तिच्या बाबांचा. बाबा अक्कलकोट रोडला एमआयडीसीत कारखान्यात, मागावर. तिथल्या खडखडाटात फोन वाजला तरी ऐकू येत नाही. पोरगी दुपारी अभ्यासाला बसते, ओटीपी जेवणाच्या सुट्टीत कळतो, तोवर तो मेलेला. मग ती म्हणते, 'जाऊ दे, पुस्तकात बघते.'

हे तुमच्या प्रश्नावलीत कुठं येतं का?

कडकभाकरी | 4 फेब्रुवारी, 20:49

ताई, प्रश्नावलीत येत नाही, पण व्याख्येत येतं. वापरसुलभतेचं जे आंतरराष्ट्रीय मानक आहे, आयएसओ 9241-11, ते 'सोपं आहे का' असं मोघम विचारतच नाही. ठरावीक माणसांना, ठरावीक कामासाठी, ठरावीक परिस्थितीत ते काम पुरं होतं का, किती कष्टात होतं आणि माणूस समाधानी राहतो का, असं विचारतं. मागाचा खडखडाट ही ती परिस्थिती. मंच बनवणाऱ्यानं एसीत बसून स्वतःच्या खिशातल्या फोनवर ओटीपी घेऊन बघितला असणार. चालला. संपलं.

पार्कचौक | 4 फेब्रुवारी, 20:55

व्हॉट्सअ‍ॅपला रोज ओटीपी लागत नाही. आपलं उगाच सांगून ठेवतो.

नाव_नको | 4 फेब्रुवारी, 23:36

मी बारावीत आहे. हे वाचण्यासाठी नाही, बोर्डाच्या अभ्यासातून ब्रेक म्हणून आलो होतो.

आमच्या मंचावर लिहिलं की पूर्ण नाव, तुकडी आणि रोल नंबर येतो. गेल्या वर्षी एकानं विचारलं होतं, मोलॅरिटी आणि मोलॅलिटी एकच का. सरांनी खाली लिहिलं, 'हे अकरावीतच झालंय, वर्गात होतास का?' ते अजून तिथंच आहे. सगळ्यांना दिसतं. वर्गात बोललेलं दुसऱ्या दिवशी विसरतात, हे राहतं. त्यानंतर कोण लिहिणार? आणि लिहिलेलं खोडता येत नाही.

शेंगाचटणी | 4 फेब्रुवारी, 23:50

ह्या पोराचा प्रतिसाद चौकात फलकावर लावा. आणि बाळा, झोप आता. बोर्ड तोंडावर आलंय.

मूडलवाला | 5 फेब्रुवारी, 08:25

खोडण्याबद्दल लिहितो. आमच्याकडे मूडल आहे, म्हणजे ऑनलाइन शिकवण्याची प्रणाली, ऑस्ट्रेलियातल्या पर्थच्या मार्टिन दुगियामास यांनी 2002 मध्ये सुरू केलेलं, फुकट मिळतं. त्यात लिहिल्यावर 30 मिनिटं दुरुस्तीची सवड असते. चूक झाली, लाज वाटली, जाऊन नीट करायचं. ही अर्धा तासाची सवड म्हणजे मुलाला लिहायला धीर देण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय.

दुसरी सोय म्हणजे 'प्रश्नोत्तर' प्रकारचा मंच. त्यात स्वतः लिहिल्याशिवाय इतरांचं दिसतच नाही. हुशार मुलाचं उत्तर बघून बाकीचे 'मी पण हेच म्हणतो' लिहितात, ते बंद होतं. पण खबरदारी घ्या. तुमच्यासारख्या मुळातच गप्प वर्गात हे लावलंत तर दार उघडायच्या आधीच कडी घातल्यासारखं होईल. मी एकदा लावलं आणि दोन आठवडे मंच स्मशानासारखा शांत होता.

आप्पा_बाळीवेस | 5 फेब्रुवारी, 09:10

आपल्याच जिल्ह्यातले उदाहरण आठवले. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील रणजितसिंह डिसले गुरुजींना 2020 साली ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, ते ज्या कामासाठी गाजले त्यात पाठ्यपुस्तकातील क्यूआर कोड होते. त्यात मुलाला काय करावे लागते? फोन धरायचा. पासवर्ड नाही, नाव नाही, ओटीपी नाही. मी काल म्हणालो की दोष यंत्राचा नाही. रात्री विचार केला. थोडा असावा.

मुकाटवाचक | 5 फेब्रुवारी, 09:31

प्रकाटाआ

मुळेगावकर | 5 फेब्रुवारी, 09:33

अहो, दोनपैकी एक पुसायला सांगितलं होतं, तिसरा नवीन लिहायला नव्हे!

रसायनी | 15 फेब्रुवारी, 22:05

उशीर झाला, प्रॅक्टिकल परीक्षा चालू होत्या. पाच जणांना बसवलं. दोघांचा स्वतःचा फोन, तिघांचा घरचा. पहिल्या बाकावरचं कुणी नाही. सगळं लिहीत नाही, पण पहिल्या मुलीचं सविस्तर लिहिते, कारण त्या रात्री मला झोप लागली नाही.

पूर्व भागातली मुलगी. घरी तेलुगू, शाळा मराठी, आता सायन्स इंग्रजीतून. प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात बसलो. काम दिलं: मोल संकल्पनेतली एक शंका मंचावर विचार, आणि दुसऱ्या कुणीतरी विचारलेल्या एखाद्या शंकेखाली काहीतरी लिही. मी पेन दोन्ही हातांनी धरून बसले.

'नवीन चर्चा' बरोबर दाबलं. वर चौकट आली, तिच्यावर लिहिलंय 'विषय'. तिनं क्षणभरही न थांबता टाइप केलं: केमिस्ट्री.

मी आतल्या आत ओरडले. जुलैतली यादी आठवा. मंच उघडला की खालपर्यंत केमिस्ट्री, केमिस्ट्री, केमिस्ट्री, मधेच एक 'केम', एक 'रसायन', पुन्हा केमिस्ट्री. शंभरावर धागे, आत काय आहे ते कळायला एकेक उघडून बघायचं. सात महिने मी समजत होते की पोरं आळशी आहेत, नीट शीर्षक देत नाहीत. अहो, पहिलीपासून परीक्षेच्या पेपरावर 'विषय' लिहिलेलं असतं तिथं काय लिहितात? आम्हीच शिकवलंय. तिनं अगदी बरोबर लिहिलं होतं.

मजकूर लिहिला, चांगला लिहिला. खाली बटण 'सादर करा'. तिथं बोट थांबलं. माझ्याकडे बघितलं. मी खिडकीकडे. मग ती हळूच म्हणाली, 'सादर म्हणजे मॅडम, गॅदरिंगमध्ये करतात तसं? सगळ्यांपुढं?' आणि नाही दाबलं.

मग दुसऱ्याच्या शंकेखाली लिहायचं काम. तिथं बटण आहे 'उत्तर द्या'. ती शंका तिलाही पडलेली होती, मी मुद्दाम तीच निवडली होती. म्हटलं, लिही की काहीतरी. ती म्हणाली, 'मला पण तेच विचारायचंय मॅडम. उत्तर येत नाही मला, मग "उत्तर द्या" कसं दाबू?'

हे तीन शब्द. विषय, सादर करा, उत्तर द्या. पाचपैकी चौघं यातल्या कुठल्या ना कुठल्या शब्दावर अडले. 'उत्तर द्या'वर तर तिघं.

बाकीचं थोडक्यात. मोहोळहून एसटीनं येणारा मुलगा स्टँडवर बसून मंच बघतो. पांढऱ्यावर फिकट करड्या रंगाची अक्षरं आपल्याकडच्या उन्हात त्याला दिसतच नाहीत, तो दप्तराच्या सावलीत फोन धरून वाचतो. हे फेब्रुवारीत, एप्रिल अजून यायचाय. एकानं अर्धं पान लिहिलं, मधे फोन आला, परत गेला तर सगळं गायब, तो पुन्हा लिहायला तयार नव्हता. आणि शोधायच्या चौकटीत 'मोल' घातलं तर काय यावं? 'मोलाचे मार्गदर्शन केल्याबद्दल आभार' अशा अकरा पोस्टी. शिक्षक दिनाच्या.

शेंगाचटणी | 15 फेब्रुवारी, 22:19

मोलाचे मार्गदर्शन!! चहा नाकातून आला.

गड्डाकर | 15 फेब्रुवारी, 22:40

'उत्तर येत नाही मला, मग कसं दाबू.' चाळीस फॉर्म भरून घेतले असते तरी हे वाक्य हाती लागलं नसतं. तुम्ही पेन सोडलं नाहीत हे मोठं.

कडकभाकरी | 15 फेब्रुवारी, 23:02

मॅडम, हे शब्द कुठून आले ते मी सांगतो. मूळ इंग्रजी मंचाची शब्दांची यादी एका तक्त्यात असते. ती कुणाकडे तरी भाषांतराला जाते. त्याला स्क्रीन दाखवत नाहीत, नुसते सुटे शब्द देतात. त्यानं शब्दकोशातून अचूक मराठी लिहिलं, चूक एकही नाही. फक्त तो शब्द कुठल्या चौकटीवर आणि कुणासमोर जाणार हे त्याला कुणी सांगितलंच नाही. अकरावीच्या पोरीसमोर 'उत्तर द्या' म्हणजे परीक्षेतला प्रश्न क्रमांक एकच.

फिकट अक्षरांचं मात्र बनवणाऱ्याला सरळ आकडा सांगा: अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यात किमान 4.5 ला 1 एवढा उजळपणाचा फरक हवा, असं वेबच्या सुगम्यता निकषांत आहे. मोजायला फुकट साधनं आहेत. त्यावर वाद घालता येत नाही.

मुळेगावकर | 16 फेब्रुवारी, 08:15

मग शब्द काय ठेवायचे? सुचवा. 'विषय'च्या जागी 'शीर्षक'?

आप्पा_बाळीवेस | 16 फेब्रुवारी, 08:50

'शीर्षक' म्हटले की मुले निबंधासारखे 'मोल संकल्पना: एक वरदान' असे लिहितील. 'तुमची शंका एका ओळीत' असे सरळ लिहावे. जागा पुरत असेल तर लाजू नये.

शेंगाचटणी | 16 फेब्रुवारी, 08:58

'उत्तर द्या'च्या जागी 'तुम्ही पण बोला'. नाहीतर सोलापुरी ठेवा: 'काय म्हणलालास बे?'

बारावीची_आई | 16 फेब्रुवारी, 09:20

दोन बटणं ठेवता येतील का? एक 'मला सांगता येईल' आणि एक 'मलाही हीच शंका'. दुसऱ्यात काही लिहावंच लागू नये. माझी मुलगी तेवढं नक्की दाबेल.

मूडलवाला | 16 फेब्रुवारी, 09:41

बारावीची_आई, हे फार चांगलं आहे. शिक्षकाला लगेच कळतं की ही शंका एकाची नसून तीस जणांची आहे. आणि विचारणाऱ्याला कळतं की वर्गात एकटा तोच मठ्ठ नाही.

पार्कचौक | 16 फेब्रुवारी, 10:05

व्हॉट्सअ‍ॅपवर हेच अंगठा दाखवून होतं. बरं बरं, गप्प बसतो. एक मात्र विचारतो. 'सादर करा'च्या जागी नुसतं 'पाठवा' लिहिलं तर किती खर्च येतो?

रसायनी | 22 फेब्रुवारी, 19:30

@पार्कचौक, मंच बनवणाऱ्यानं सांगितलं, शब्द बदलायला दहा मिनिटं. ओटीपी आणि दुरुस्तीची सवड याला 'पुढच्या वर्षीच्या कामात बघू'. म्हणजे काय ते तुम्हाला कळतं.

शब्द बदलून घेतले. 'तुमची शंका एका ओळीत', 'पाठवा' आणि 'मलाही हीच शंका'. चौथा अजून ठरत नाही. सध्या 'तुम्ही पण लिहा' आहे, मुलं त्याला हसतात, पण दाबतात. पहिल्या मुलीनं मंगळवारी रात्री 8:50 ला, वडील घरी आल्यावर, तिची शंका टाकली. खाली सकाळपर्यंत सतरा जणांचं 'मलाही हीच शंका'. बुधवारी वर्गात मी तेवढंच शिकवलं. आणि 'हे आधीच झालंय' असं एका शब्दानं म्हणाले नाही. @नाव_नको, हे तुझ्यामुळे.

आता प्रश्न अहवालाचा. वरून विचारणा आली, 'मॅडम, गुण किती लिहायचे? 4.6 चांगला दिसतो.'

मुकाटवाचक | 22 फेब्रुवारी, 19:44

मग काय लिहिलंत?

रसायनी | 22 फेब्रुवारी, 19:58

दोन्ही लिहिलेत. 4.6 कसा आला आणि 47 कसा, हिशेबासकट. उभ्या रेघेच्या त्या फॉर्मची झेरॉक्स जोडलीय, नाव झाकून. आणि पान 3 वर त्या मुलीचं वाक्य, जसंच्या तसं.

गड्डाकर | 22 फेब्रुवारी, 20:03

मॅडम, पान 3 कुणी उघडत नाही.

रसायनी | 22 फेब्रुवारी, 20:11

थांबा, बाइंडिंगला दिलेलं नाहीये अजून. पान 1 वर घेते.